पावणेआठची रेघ

माझी मुलगी भूलतज्ज्ञ आहे. चंडीगढच्या एका मोठ्या रुग्णालयात ती रोज पाच-सहा अनोळखी माणसांना काही सेकंदांत झोपवते आणि ठरल्या वेळी जागं करते. तिची स्वतःची मुलगी मात्र एकोणीस महिन्यांची होईपर्यंत आईच्या कानाची पाळी धरल्याशिवाय कधी झोपली नव्हती. उजव्या कानाची. डावा पुढे केला तर ती ओळखायची आणि चिडायची. मुलीने कानात काही घालणं केव्हाच सोडून दिलं होतं. संध्याकाळी साडेसातपासून तिचा उजवा कान कामावर असे. बाकीची मुलगी त्याच्यासोबत पडून राही.

गेल्या एप्रिलात लहान मुलांना भूल देण्याच्या खास प्रशिक्षणासाठी तिची निवड झाली. सहा महिने, दक्षिणेतल्या एका शहरात, हॉस्टेलवर राहून. अर्ज तिनेच केला होता, निवड झाल्यावर पेढे तिनेच आणले, आणि पेढ्यांचा खोका माझ्या ओट्यावर ठेवून तिनेच जाहीर केलं की आपण जाणार नाही.

“का?”

“आई, यार, वो सोएगी कैसे?”

माझ्या मुलीला मराठी सगळं कळतं, पण बोलताना मध्येच तिला थकवा येतो आणि ती हिंदीत जाऊन बसते. बापाच्या हवाई दलातल्या नोकरीमुळे ती पाच राज्यांत वाढली, त्यामुळे तक्रार करायला मला जागा नाही.

“झोपेल. माणसाची पोर आहे, न झोपता किती दिवस काढेल?”

“किती? तूच सांग. तुझ्या लॅबमध्ये टेस्ट कर.”

हा टोमणा होता, पण अगदीच चुकीचा नव्हता. मी मोहालीत औषधांच्या एका प्रयोगशाळेत काम करते. गोळ्या आणि सिरपं ठरावीक तापमानाच्या कपाटांत ठेवायची आणि महिन्यामागून महिने त्यांच्यात काय बिघडतं ते पाहायचं, हे आमच्या विभागाचं काम. बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. तसं लिहून ठेवायचं. नवऱ्याच्या बदल्यांपायी मी चार नोकऱ्या सोडल्या, ही पाचवी. हे मी तिला त्या दिवशी ऐकवलं नाही, कारण तिला ते पाठ आहे.

सहा महिने नात आणि जावई आमच्याकडे राहतील, हे मी तिला अर्ज करतानाच सांगितलं होतं. प्रश्न फक्त झोपेचा होता. त्यावर तिनेच एक तोड काढली. जावयाने मे महिन्यातल्या एका क्रूझचं बुकिंग आधीच करून ठेवलं होतं. मुंबईहून निघायचं, तीन रात्री समुद्रात काढायच्या, परत मुंबईला यायचं. आम्ही चौघं आणि नात, दोन केबिन. जावई जालंधरचा. तो मला ‘आईजी’ म्हणतो, पोलिसांतल्या बड्या अधिकाऱ्याला म्हणावं तसं, आणि मला ते गैर वाटत नाही.

“जहाजावर ती तुमच्या केबिनमध्ये झोपेल,” मुलगी म्हणाली. “मी आत येणार नाही. तीन रात्री. झोपली, तर मी त्यांना हो कळवते. नाही झोपली, तर विषय पक्का बंद. मला परत कोणी विचारायचं नाही.”

“आणि जहाजच का?”

“क्योंकि घरी सगळं तिच्या ओळखीचं आहे. तिथे काहीच नसेल. तिथे तुझ्याकडे झोपली, तर कुठेही झोपेल.”

होकार कळवायची मुदत एका सोमवारी संपत होती. जहाज त्याच सोमवारी सकाळी मुंबईला लागणार होतं. प्रयोग म्हणून अट चांगली होती. मी मान्य केली.

केबिनची लांबी-रुंदी विचारायला मी सेक्टर सतरामधल्या ट्रॅव्हल एजंटाकडे गेले. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता.

“आंटीजी, आप बच्ची की फिकर ही मत करो. समंदर तो खुद पालना है. हमारे सारे क्लायंट के बच्चे घोड़े बेचकर सोते हैं.”

“तुम्ही कधी गेला आहात का?” मी हिंदीत विचारलं.

“मैं? ना जी. मुझे तो पानी से डर लगता है.”

त्याच्याकडून मी नकाशाची प्रत घेतली. आतली केबिन होती, खिडकी नसलेली. मुलीला ऐकून वाईट वाटलं. मला बरं वाटलं. खिडकी नसली की पडदे बंद करायचा प्रश्न नाही, आणि दुपारचे बारा काय, रात्रीचे काय, अंधार सारखाच.

नकाशा नवऱ्याच्या हाती पडला आणि मामला माझ्या हातून गेला. नवरा हवाई दलातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण कुठलीही गोष्ट आधी एकदा खोटी करून पाहिल्याशिवाय खरी करायची नाही, हा त्याचा नियम अजून नोकरीत आहे. मुलीच्या लग्नात वरमाला घालायची रिहर्सल त्याने आदल्या दिवशी दोन टॉवेल वापरून घेतली होती. त्याने हॉलमधला सोफा भिंतीला लावला, मेजरिंग टेप काढला, नातीच्या खेळण्यातला खडू घेतला आणि फरशीवर आमची केबिन आखली. जिथे दार, तिथे रेघेत मोकळी जागा सोडली. बाहेर पॅसेज आखला, आणि त्याच्या टोकाला असलेली आमची झोपायची खोली ही मुलीची केबिन ठरली.

“आता आठ रात्री इथे झोपायचं,” तो म्हणाला. “ये-जा दारातूनच. रेघ ओलांडायची नाही.”

“आणि बाथरूम?”

“आखलंय की.”

“आखलेल्या बाथरूममध्ये मी जाणार नाही.”

एवढ्या एका बाबतीत सवलत मिळाली.

आठ दिवस मुलगी आणि जावई आमच्याकडे राहायला आले. घरमालकीण तळमजल्यावर राहते. ती दुसऱ्या दिवशी कढीचं भांडं घेऊन वर आली आणि खडूच्या चौकटीपाशी थबकली. मागे फिरून चप्पल दाराबाहेर काढून आली.

“ये मराठी लोगों की कोई पूजा है जी?”

मी तिला सगळं सांगितलं. तिला माझी कीव आली. “इतना झंझट! खाँसीवाला सिरप दे दो ज़रा-सा. सफ़र में सारे देते हैं.”

“उसको खाँसी नहीं है जी,” मी म्हटलं.

ज्या बाईने सिरपांवर नजर ठेवण्यात आयुष्य घालवलं, तिला हा सल्ला मिळावा, हे मला बरं वाटलं नाही. खोकला नसताना खोकल्याचं औषध, तेही एवढ्या लहान मुलाला, डॉक्टरला न विचारता, हे मी घरमालकिणीच्या कढीपुढे सौम्य शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. कढी चांगली होती.

मी माझ्या पद्धतीने चालले होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी खाट: सहकारिणीकडून घडीची खाट मागून आणली, जहाजावर तशीच देतात असं एजंट म्हणाला होता. मग अंधार. मग कानाऐवजी काहीच नाही. पहिल्या रात्री मी माझा कान देऊ केला. तिने तो चाचपला, वळवून पाहिला आणि परत केला. मग चाळीस मिनिटं रडली. दुसऱ्या रात्री पंचवीस. चादर मी आठ दिवस धुतली नाही, म्हणजे जहाजावर तिला घराचा वास येईल. आमच्याकडे मेमध्ये कूलर चालतो, खिडकीत बसवलेला पत्र्याचा, विमान उतरत असल्यासारखा आवाज करणारा. तिच्या घरीही तसाच, आणि नात दोन्ही उन्हाळे त्या आवाजात झोपत आलेली. तो आवाज मी फोनवर भरून घेतला. डोलण्याची सवय व्हावी म्हणून रविवारी सुखना तलावावर पॅडल बोटीत बसवून आणलं. तिला काही झालं नाही. जावयाला मळमळलं, पण परीक्षा त्याची नव्हती.

पाचव्या रात्री ती नऊ मिनिटांत झोपली. मी दारातून बाहेर आले, म्हणजे खडूच्या दारातून. पॅसेजमध्ये मुलगी उभी होती.

“रोई?”

“नऊ मिनिटं.”

“बस? नऊ?”

मला तिचा चेहरा समाधानाचा वाटला. मी तसंच धरून चालले.

हे सगळं मी वहीत लिहीत होते. रात्री काय जेवली, किती वाजता खाटेत ठेवली, किती वेळ रडली, कशाने थांबली. वहीत जे लिहिलं नाही ते असं. आमची कामवाली फरशी फिनेल टाकून पुसते आणि एक डाग ठेवत नाही. म्हणून केबिन रोज सकाळी पुसली जायची आणि रोज संध्याकाळी पावणेआठला नवरा गुडघ्यांवर बसून ती पुन्हा आखायचा. नात त्याच्या शेजारी उकिडवी बसून खडूकडे बघत राहायची. शेवटची रेघ पुरी झाली की उठायची, वळसा घालून मोकळ्या जागेतून आत यायची आणि खाटेपाशी हात वर करून उभी राहायची. एकदा जावई घाईत रेघेवरून आत आला, तर तिने त्याला परत बाहेर जायला लावलं. आम्ही हसलो. नवऱ्याला अभिमान वाटला.

सामानाची माझी यादी एकतीस कलमांची होती. खडू त्यात नव्हता. जहाजावर भिंती असतात.

शुक्रवारी दुपारी आम्ही जहाजावर चढलो. केबिन तंतोतंत नकाशाप्रमाणे होती आणि नवऱ्याने ती पावलांनी मोजून पाहिली, जणू जहाज बांधणाऱ्यांनी आमच्या हॉलची नक्कल केली होती. खाट आली. चादर घातली, तिला आता बाकी कोणालाही सहन न होणारा घराचा वास होता. सात वाजता खिचडी, साडेसातला अंघोळ. मुलीने नातीचा पापा घेतला, माझ्याकडे न बघता “ओके” म्हणाली आणि दोन दारं सोडून असलेल्या आपल्या केबिनमध्ये गेली. मी दिवा घालवला, बाथरूमचं दार बोटभर उघडं ठेवलं, फोनवर कूलर लावला. पावणेआठ.

नात खाटेत उभी राहिली आणि रडायला लागली.

हे रडणं कंटाळ्याचं नव्हतं की भीतीचं नव्हतं. माझा रडण्याचा अभ्यास आठ रात्रींचाच होता, पण एवढं कळलं की ती तक्रार करतेय. आम्ही काहीतरी चुकवलं होतं आणि ते ती सांगत होती. पाणी दिलं, फेकलं. कान दिला, ढकलला. कूलरचा आवाज वाढवला, मग कमी केला. जहाज हलत नव्हतं म्हणावं इतकं शांत होतं.

वीस मिनिटांनी दाराखालून एक चिठ्ठी सरकत आत आली, जहाजाच्या कागदावर. “रो क्यों रही है?”

मी मागे लिहिलं, “कारण शोधतेय,” आणि बाहेर सरकवली.

दुसरी चिठ्ठी आली. “मैं आ जाऊँ?”

मी ती उशीखाली ठेवली. ती आत आली की पाच मिनिटांत सगळं शांत होणार, हे मला माहीत होतं. आणि मग सोमवारचं उत्तरही ठरलेलं.

नवरा म्हणाला, “खाली उतरव तिला. बघू काय करते.”

मी तिला खाली उतरवलं. तिने रडत रडतच आजोबाची तर्जनी पकडली, त्याला खाली ओढलं, गुडघ्यांवर बसवलं, आणि ते बोट गालिच्यावर टेकवून पुढे ढकललं. “आबा. कर.”

नवऱ्याने बोट गालिच्यावरून सरळ ओढून पाहिलं. मग म्हणाला, “हिला रेघ पाहिजे.”

“खऱ्या भिंती आहेत. खरं दार आहे.”

“ते तिला सांग.”

खडू चंडीगढला होता, आणि असता तरी निळ्या गालिच्यावर उठला नसता. नवऱ्याने टूथपेस्ट सुचवली. गालिचा आपला नाही, याची मी त्याला आठवण करून दिली. चिकटपट्टी यादीत नव्हती. चार्जरची वायर लावून पाहिली. ती एका बाजूलाही पुरेना, आणि नातीने ती तुच्छतेने बाजूला केली, ती काळी होती. रेघ पांढरी असते.

मग मी बॅग उघडली आणि माझ्या दोन सलवारींच्या नाड्या ओढून काढल्या. नवऱ्याच्या पायजम्याची तिसरी. गाठी मारून एक केली आणि त्याच्या हातात दिली. त्याने ती खाटेभोवती अंथरली, चारी कोपरे काटकोनात बसवले, गुडघ्यांवरूनच फिरत फिरत. नात रडायची थांबून शेजारी उकिडवी बसली. एका बाजूला त्याने मोकळी जागा सोडली. ती उठली, खाटेला वळसा घालून त्या जागेतून आत आली आणि हात वर केले.

आठ वाजून बावीस मिनिटांनी ती झोपलेली होती. मी वहीत लिहिलं: “नाड्या.” ज्या स्त्रीने पस्तीस वर्षं कारण आणि परिणाम वेगळे काढले, तिला एक गोष्ट सुचली नव्हती की ज्याला आपण सराव म्हणतो, तोच समोरच्याला विधी वाटू शकतो.

दार किलकिलं केलं. बाहेर पॅसेजमधल्या गालिच्यावर मुलगी मांडी घालून बसली होती. शेजारी जावयाने आणून दिलेली जेवणाची बशी, न हात लावलेली.

“सो गई?”

“झोपली.”

“काय केलंस?”

“नाड्या घातल्या.”

मी दार लावलं. जेवायला गेले नाही, कारण मी गाऊनवर होते आणि घालता येईल अशी सलवार राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मुलीची सलवार मागून घातली. नाश्त्याहून परत आलो तर नाड्या जागेवर नव्हत्या. खोली आवरणाऱ्याने त्या सुबक गुंडाळून माझ्या उशीवर ठेवल्या होत्या, वर एक चॉकलेट. पलंगावर टॉवेलचा हत्ती केलेला. नातीला हत्ती पसंत पडला. नाड्यांची तिला दिवसा गरज नव्हती. मी बाहेर जाऊन त्या माणसाला गाठलं. पन्नाशीचा, पिकलेल्या मिशांचा गृहस्थ होता. मी हिंदीत सुरुवात केली आणि त्याने मराठीत उत्तर दिलं. रत्नागिरीचा निघाला.

“ताई, जमिनीवर पडल्या होत्या म्हणून गुंडाळल्या.”

“पडल्या नव्हत्या. ठेवल्या होत्या.”

“अस्सं.” त्याने जराही आश्चर्य दाखवलं नाही. जहाजावर बावीस वर्षं काढलेला माणूस. लोक काय काय जमिनीवर ठेवतात, त्याला ठाऊक असणार. “मग उद्यापासून तेवढी जागा सोडून झाडतो. आणि दार कुठल्या अंगाला ठेवलंय?”

मी दाखवलं. “नातीच्या पायांच्या बाजूला.”

“हां. म्हणजे उठली की थेट बाहेर,” तो म्हणाला आणि पुढच्या केबिनकडे गेला. दार त्या बाजूला का, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्या दुपारी बारा चाळीसला तिला निजवायला ठेवली. खिडकी नाही, अंधार गुडुप. नाड्या अंथरल्या. आत येऊन आडवी झाली, आणि मग एकदम उठून बसत म्हणाली, “मम्मा?”

तीन दिवसांत तिने हे एकदाच विचारलं. मी म्हटलं, “मम्मा बाहेर आहे.” आणि का कोण जाणे, रेघेतली मोकळी जागा दाखवली. तिने तिकडे बघितलं. मग आडवी झाली. सात मिनिटं. मी तसं लिहून ठेवलं, कारण काहीही घडलं की लिहायचं.

मुलीला मी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती केबिनमध्ये आली असती, आणि अट तिचीच होती.

दुसऱ्या संध्याकाळी ती पॅसेजमध्ये दिसली नाही. जावयाने तिला ओढून जादूचे प्रयोग बघायला नेलं होतं. सकाळी चहाच्या वेळी त्याने मला अहवाल दिला.

“सात मिनट बैठी, आईजी. जादूगार ने एक लड़की को सुला दिया, हवा में. ये बोली, ऐसे नहीं सुलाते, और उठकर चली गई.”

“कुठे?”

“ऊपर, डेक पर. रेलिंग पकड़कर खड़ी थी. मैंने पूछा, क्या देख रही है? बोली, कुछ नहीं, पानी है.” त्याने टोस्टला लोणी लावलं. “आईजी, एक बात बोलूँ? बुरा मत मानना. बच्ची का तो हो गया. अब इसका क्या करें?”

मी म्हटलं, परीक्षा अजून एक रात्र आहे.

तिसऱ्या रात्री नातीला चार मिनिटं लागली. जेमतेम पाठ टेकली आणि झोपली. नवऱ्याला तिच्याजवळ ठेवून मी वर गेले. मुलगी जावयाने सांगितलं त्याच जागी होती. समोर खरंच पाणीच होतं, उजेड जेमतेम राहिलेला.

“चार मिनिटं,” मी म्हटलं. “पास.”

“ग्रेट.”

तिने ते असं म्हटलं, की मला माझ्या विभागातल्या एका मुलीची आठवण झाली. तिचा नमुना वर्षभर बिघडला नाही आणि तिला आनंद व्हायच्या ऐवजी रडू आलं, कारण बिघडला असता तर तिचं म्हणणं खरं ठरणार होतं. तेव्हा मला तिचा राग आला होता.

“एक बार भी नहीं पूछा?” मुलगी म्हणाली. “मेरे बारे में?”

नाही म्हणून टाकणं सोपं होतं. त्याने ती चिडली असती आणि सोमवारी चिडूनच हो म्हणाली असती. हो म्हणून टाकणंही सोपं होतं. समजावणं मला जमत नाही, आजवर जमलेलं नाही. मी पर्समधून वही काढून तिला दिली.

तिने फोनचा दिवा लावून पहिल्यापासून वाचायला घेतलं. कूलर, चादर, चाळीस मिनिटं, पंचवीस, नऊ. ‘नाड्या’ या शब्दाशी ती हसली. मग एका पानावर थांबली. तिथे काय आहे, ते मला माहीत होतं. “दु. १२.४०. मम्मा? विचारलं. बाहेर आहे सांगितलं. दार दाखवलं. बघितलं. झोपली. ७ मि.”

ती ते पान बराच वेळ धरून होती. दीड ओळ वाचायला तेवढा वेळ लागत नाही.

“दार दाखवलं म्हणजे?”

“नाडीत मोकळी जागा असते. तुझ्या बापाने ठेवलेली.”

“आणि तिला ते पुरलं?”

“सात मिनिटं लागली.”

ती हसली की काय झालं, ते अंधारात नीट दिसलं नाही, आणि मी फोनचा दिवा तिच्या तोंडावर धरून पाहणारी बाई नाही. वही मिटून ती म्हणाली, “आई, मला वाटलं होतं, नाही झोपणार ती.”

“मला आत्ता कळलं ते.”

“आत्ता?”

“तू सांगितलं असतंस, तर वाचल्या असत्या दोन सलवारी.”

सोमवारी सकाळी मुंबईजवळ फोनला रेंज आली. उतरायच्या रांगेत आमच्यापुढे दीडशे माणसं असतील. मुलगी एका हाताने होकार टाइप करत होती. दुसऱ्या हातावर नात होती, आणि नातीने तिचा उजवा कान घट्ट धरला होता. तीन दिवसांची थकबाकी वसूल करावी तसा. कान तिने सोडलेला नव्हताच. जिथे कान नाही तिथे काय मागायचं, एवढं फक्त तिला कळलं होतं. “सेंट,” मुलगी म्हणाली, आणि नवऱ्याने घड्याळ पाहिलं, कशासाठी ते त्यालाच ठाऊक.

मुलगी प्रशिक्षणाला जाऊन आता तीन आठवडे झाले. नात हॉलमध्ये झोपते, पावणेआठला, खडूच्या चौकटीत. नवऱ्याचे गुडघे दुखतात, म्हणून एक दिवसाआड मी आखते. माझा काटकोन तिला पसंत नाही, पण चालवून घेते. जावयाने एकदा चौकट पक्की करू या म्हणून पांढरी चिकटपट्टी आणली. दोन रात्री कोणी झोपलं नाही. रेघ तिच्यासमोर आखली गेली पाहिजे, आयती चालत नाही. पट्टी काढून टाकली. फरशीवर तिचे डाग राहिलेत, ते कामवालीला दिसतात आणि ती मला ऐकवते.

मुलगी रोज संध्याकाळी फोनवर ही आखणी बघते. कानात डूल असतात, लहानसे, सोन्याचे. डोळ्यांखाली काळं दिसतं. पहिले काही दिवस मी ते कामाचं धरलं. परवा जावयाने मला स्वयंपाकघरात गाठलं.

“आईजी, उसे नींद नहीं आ रही. तीन हफ्ते से. दिनभर बच्चों को सुलाती है, कमरे में आकर छत देखती है. आपको नहीं बताएगी.”

“खोलीत पंखा आहे?”

“आवाज़ ही नहीं करता, कहती है.”

काल मी सेक्टर बावीसच्या कुरिअरवाल्याकडे एक पाकीट देऊन आले. कूलरचा आवाज फोनवर आधीच पाठवला होता. पाकिटात नातीची चादर आहे, नऊ दिवसांची, न धुतलेली. कुरिअरवाल्याने नाक वाकडं केलं आणि आत काय आहे ते दोनदा विचारलं. सोबत चिठ्ठी घातली आहे: “धुवू नकोस. एका वेळी एकच गोष्ट बदल. आधी आवाज, मग चादर. किती मिनिटं लागली ते लिहून ठेव.”

तिच्या खोलीत गालिचा नाही, साधी फरशी आहे, हे मी जावयाला विचारून घेतलं. म्हणून एक खडूही टाकला.